बाहेरची साक्ष

“गोदाक्काला बोलावलंय!” आत्याबाई दारातूनच म्हणाल्या आणि डोक्यावरची घागर उतरवायचं विसरून तशाच उभ्या राहिल्या. घागरीतलं पाणी कपाळावरून ओघळत होतं, तरी त्यांना भान नव्हतं.

मी चुलीपुढे भाकरी थापत होते. “कशाला बोलावलंय?” असं विचारलं खरं, पण विचारता विचारताच माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि तव्यावरची भाकरी करपली.

“साक्ष द्यायला! दुसरं कशाला? पाळकसाहेब सायकल घेऊन तिच्या दाराशी गेले होते. अर्ध्या गावाने बघितलं. आता संपलंच म्हण प्रमिला. उद्या भर चर्चमध्ये ती बाई आपली लक्तरं काढणार.”

आमच्या मंडळीची एक रीत आधी सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, का घाबरल्या हे कळायचं नाही. मंडळी म्हणजे आमच्या कवठ्यातले ख्रिस्ती लोक. घरं असतील चाळीसेक, एक दगडी चर्च, एक घंटा, आणि भांडणं मात्र चारशे घरांना पुरून उरतील एवढी. चर्चचा कारभार बघायला तीन ‘वडील’ निवडलेले असत. हे वडील वयाने नव्हे, मानाने. एखाद्याचं नाव त्या जागेसाठी पुढे आलं की मंडळी हात वर करून कौल द्यायची. पण त्याच्या आधी बाहेरची साक्ष. अशा माणसाबद्दल मंडळीबाहेरच्या लोकांचंही मत चांगलं पाहिजे, असं आमच्या शास्त्रात, बायबलात, सांगितलंय. बाकीच्या गावांत हे वाचतात, माना डोलावतात आणि पान उलटतात. आमच्याकडच्या कुठल्याशा जुन्या पाळकाने ते जसंच्या तसं मनावर घेतलं होतं. गावातला एक माणूस, ख्रिस्ती नसलेला, रविवारी उपासना संपल्यावर चर्चमध्ये यायचा आणि सगळ्यांसमोर सांगायचा, हा माणूस गावात कसा वागतो. तो कोण, हे पाळकसाहेब ठरवत. आणि आमचे गोर्डे पाळकसाहेब असे वस्ताद, की नाव आलेल्याचं ज्याच्याशी बिनसलंय असाच माणूस हुडकून काढायचे. “मित्राला काय विचारायचं? मित्र गोडच बोलणार,” असं त्यांचं म्हणणं.

त्या वर्षी नाव आलं होतं माझ्या सासऱ्यांचं. नाथान ओहोळ, गावातले पिठाच्या गिरणीवाले. मी त्यांना मामा म्हणायचे.

आता यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. तर मामांच्या वडिलांचंही नाव एकदा असंच पुढे आलं होतं. तेव्हा साक्षीला आलेल्या सुताराने सांगितलं होतं, “माणूस चांगला, पण बाजारच्या दिवशी पिऊन येतो आन् बैलाला मारतो.” ते खरंच होतं. म्हाताऱ्याने त्या दिवसापासून दारू सोडली, पण चर्चमध्ये पुढे बसणंही सोडलं. मरेपर्यंत दाराजवळच्या सतरंजीवर बसायचे. मामा तेव्हा पोरगेले होते. बापाची ती वाकलेली पाठ त्यांनी रविवारच्या रविवार पाहिली होती. आत्याबाई मला म्हणायच्या, “ह्यांना वडीलपणाचा सोस नाही गं. पण बापाची जागा भरून निघावी असं फार वाटतं. बोलून दाखवत नाहीत इतकंच.”

आणि गोदाक्का म्हणजे गावातली सगळ्यांत तिखट जीभ. चावडीमागे एकटी राहणारी विधवा बाई, दोन एकरांची मालकीण, सरपंचालाही तोंडावर सुनवायची. एके काळी तिचं दळण आमच्याकडेच असायचं. चार वर्षांपूर्वी अचानक बंद झालं. घराजवळची गिरणी सोडून ही बाई डोक्यावर पाटी घेऊन ओढ्यापलीकडच्या गावात दळायला जायला लागली. उन्हातान्हात, चिखलात. का, ते ती कुणाला सांगेना आणि मामाही सांगेनात. मग गावाने आपलं आपण ठरवून टाकलं: नाथान पिठात मारत असणार. मूठ-मूठ काढून ठेवत असणार आणि गोदाक्काने त्याला पकडलं असणार. त्याशिवाय कोण एवढी तंगडतोड करतं?

मी लग्न होऊन आले ती हे ऐकतच. खोटं कशाला बोलू, मामांच्या तोंडाकडे बघून मला ते पटायचं नाही, आणि गोदाक्काच्या डोक्यावरची पाटी बघितली की पटायचं.

त्या दुपारी मामा जेवायला घरी आले नाहीत, म्हणून मी त्यांची भाकरी घेऊन गिरणीत गेले. पाठोपाठ आत्याबाई आल्याच. वीज गेलेली होती, त्यामुळे पट्टा थांबलेला आणि गिरणीत कधी नव्हे ती शांतता. मामा भुवयांपर्यंत पांढरे झालेले, दगडाला टाकी लावत बसले होते. टाकी म्हणजे गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीने पुन्हा खरखरीत करणं.

“अहो, ऐकलंत का?” आत्याबाईंनी विषयाला हात घातला.

“ऐकलं.”

“मग नाव मागे घ्या. अजून वेळ गेलेली नाही. पाळकसाहेबांना सांगा, तब्येत बरी नसते म्हणून.”

“माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय?” मामा छिन्नी मारत म्हणाले. “आणि नाव मी कुठं घातलंय? मंडळीने घातलंय. आता मागं घेतलं तर लोक म्हणतील, गोदाक्काचं नाव ऐकलं आन् पळाला.”

“मग तिच्याकडे जाऊन तरी या. काय असेल ते मिटवा. मी चोळीचा खण देते काढून.”

मामांनी छिन्नी खाली ठेवली. “रिबका, साक्षीदाराला खण नेऊन दिला की ती साक्ष राहत नाही. तो बाजार होतो.”

“मामा,” मी न राहवून विचारलं, “गोदाक्का गिरणीत का येत नाही?”

“ते तिला विचारायचं.”

“ती सांगत नाही.”

“मग नाही सांगत,” असं म्हणून त्यांनी भाकरीचं फडकं सोडलं. भाकरी करपलेली होती, पण त्यांनी ती चटणीशी निवांत खाल्ली. आत्याबाई मात्र घरी येईपर्यंत पदराने डोळे पुसत होत्या.

रविवारी चर्च भरलं होतं. एरवी उपासनेला दांडी मारणारेही आले होते. कुणाची फजिती व्हायची असली की आमच्या मंडळीला भक्तीचं भरतं येतं. माझे यजमान साखर कारखान्यात पाळीवर होते, म्हणून घरचे आम्ही तिघंच. पुरुषांच्या बाजूला मामा पहिल्या रांगेत बसले होते, कारण नाव आलेल्याने तिथे बसायचं असतं. नवा सदरा त्यांना मानेशी घट्ट होत होता. बायकांच्या बाजूला आत्याबाईंनी माझं मनगट असं आवळून धरलं होतं की बांगड्या रुतत होत्या.

शेवटची प्रार्थना झाली आणि दारात गोदाक्का उभी राहिली. हिरवं नऊवारी लुगडं, कपाळावर मोठं गोंदण, हातात चपला.

“आत आले तर चालंल ना?” तिने विचारलं. “न्हाईतर हितूनच बोलते. माझा आवाज पोचतो.”

“या, या आक्का,” पाळकसाहेब म्हणाले. “सलाम. तुमचंच घर आहे.”

“माझं घर चावडीमागं हाय,” असं म्हणत ती चपला दाराशी ठेवून आत आली. शाळेतून आणलेल्या खुर्चीकडे तिने एकदा संशयाने बघितलं आणि उभीच राहिली.

पाळकसाहेबांनी दर वेळचा प्रश्न विचारला. “आक्का, हा नाथान ओहोळ. आम्ही त्यांना मानाची जागा द्यायचं म्हणतोय. ते इथे आमच्यात कसे वागतात ते आम्हाला ठाऊक आहे. तुमच्यात कसे वागतात ते तुम्ही सांगायचं. भीड धरू नका.”

“भीड?” गोदाक्का म्हणाली. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

तेवढ्यात शमुवेलअण्णा तोरणे उठले. हे तीन वडिलांपैकी सगळ्यांत जुने. पांढरी टोपी, पांढरी मिशी, आणि मंडळीची अब्रू आपल्या एकट्याच्या खांद्यावर आहे अशी पक्की समजूत. “पाळकसाहेब, आडवळण कशाला? गाव काय म्हणतं ते सगळ्यांना माहीत आहे. मी सरळ विचारतो. आक्का, चार वर्षं तुम्ही नाथानच्या गिरणीची पायरी चढला नाहीत. हा पीठ मारतो, खरं की खोटं?”

आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले. मी मामांकडे बघितलं. ते खाली बघत होते, आणि त्या क्षणी त्यांची पाठ वाकलेली दिसली. दाराजवळची ती सतरंजी आता या घराचीच होणार, असं मला वाटून गेलं.

गोदाक्का शमुवेलअण्णांकडे वळली. “पीठ मारत आसता तर म्या चार वरसं गप बसले आसते? मी? चावडीवर उभं करून त्याची टोपी उडवली आसती. मला काय कुणाच्या बापाचं भ्या हाय?”

चर्चमध्ये एकदम चुळबुळ झाली.

“मग गिरणी का सोडली?” शमुवेलअण्णांनी विचारलं.

गोदाक्का मग इतका वेळ नको म्हटलेल्या खुर्चीवर बसली. आवाजही खाली आला. “माझी मंगल. दोन येळा तिचं प्वाट रिकामं झालं व्हतं. तिसऱ्यांदा दिस गेले तवा मी बोलले, देवा, लेकीची सुखरूप सुटका हुईस्तोवर येक बी एकादशी सोडणार न्हाई. त्याच्याकडं राजगिरा दळाया द्यायची. ह्यो दशमीला सकाळी दगड उचलून, झाडून, पयलं उपासाचं दळायचा. धान्याचं मागनं. येक दिस काय झालं, वीज रातभर नव्हती, सकाळी आली, माणसं दारात. गडबडीत ह्यानं कुणाची तरी बाजरी आधी दळली आन् दगड न झाडता माझा राजगिरा टाकला.”

बायकांच्या बाजूने “अगं बाई!” असा आवाज आला. उपास आम्हाला नसले तरी शेजारणींचे उपास आम्हाला ठाऊक असतात. त्यात बाजरीचं पीठ मिसळलं म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही.

“मला काय ठाव? मी एकादशीला थालीपीठ लावलं, खाल्लं. दुपारच्याला ह्यो दारात. ‘आक्का, तुमचा उपास माझ्या हातनं मोडला,’ म्हणला. ‘आत्ता गिरणीत बसल्यावर ध्यानात आलं.’ आरं, गप बसला आसता तर कुणाच्या बापाला कळलं आसतं? मला तर भवरा आला. लेकीला आठवा म्हैना. मी ह्याला वाटंल ते बोलले. सगळ्या शिव्या दिल्या. ह्यो हुभा. म्हणला, ‘काय भरपाई आसंल ती सांगा.’ मी म्हणले, भरपाई येकच. तोंड बंद ठिवायचं. मंगलच्या सासरी कळलं आन् पोराला काय झालं, तर त्ये माझ्या लेकीला जित्ती ठिवणार न्हाईत. आईनंच उपास मोडला म्हणतील. कुणालाच सांगायचं न्हाई. ह्यो म्हणला, ‘न्हाई सांगणार.’”

“मग? मूल?” आत्याबाई आपण कुठे आहोत हे विसरून मोठ्याने बोलल्या.

“झालं की! नातू झाला. आता चार वरसांचा हाय. घर डोक्यावर घितो. पुजाऱ्याला म्या इचारलं व्हतं, तो म्हणला, नकळत झाल्याचा दोष न्हाई. पर ह्याचं तोंड बघितलं की मला त्यो दिस आठवायचा, छाती धडधडायची. म्हणून गेले पलीकडच्या गिरणीत.” इथे तिने कपाळावर हात मारला. “आन् माझं शहाणपण बघा. तिथल्याला इचारलं, दगड झाडला का रं, की त्यो मान हालवून हो म्हणतो. झाडतो का न्हाई, देवाला ठाव. ज्यानं खरं सांगितलं त्याला सोडलं आन् जो कायबी सांगत न्हाई त्याच्याकडं चिखल तुडवत गेले. चार वरसं मी कसल्या पिठाची एकादशी केली, मलाच म्हाईत न्हाई.”

आता सगळं चर्च हसायला लागलं. पाळकसाहेबांनी रुमालाने तोंड झाकून घेतलं.

“हसू नगा,” गोदाक्का म्हणाली, आणि हसणं थांबलं. “गाव बोलाया लागलं, नाथान पीठ मारतो. माझ्या कानावर यायचं. मी हो म्हणले न्हाई आन् न्हाई बी म्हणले न्हाई. मला वाटायचं, आता ह्यो बोलंल. सोताच्या अब्रूवर आल्यावर कोण गप बसतं? निदान बायकूला तरी सांगंल. मंग बायकू नळावर बोलंल, मंग माझ्यापातूर यील. मी वाट बघितली. आलं न्हाई. काल साहेब म्हणले, साक्ष द्यायला या, तवा मी इचारलं, त्यानं तुमाला काय सांगितलंय? तर म्हणले, कायबी न्हाई. नातू आता थोर झालाय. आता कोण काय बोलतंय? म्हणून आले.”

माझ्या मनगटावरची आत्याबाईंची पकड सुटली होती. त्या मामांकडे अशा बघत होत्या, जसा कुणी परका माणूस तिथे येऊन बसलाय.

शमुवेलअण्णांचं अजून समाधान झालं नव्हतं. “पण नाथान,” ते म्हणाले, “हे उपास-तापास, व्रतं-वैकल्यं आपण मानत नाही. एक ख्रिस्ती माणूस एकादशी मोडली म्हणून माफी मागायला जातो, हे मंडळीला शोभतं का?”

मामा उठले. बोलायची त्यांना सवय नव्हती. सदऱ्याचं गळ्याचं बटण त्यांनी आधी सोडलं.

“आपण नाही मानत अण्णा,” ते म्हणाले. “पण त्या मानतात. आणि दळण त्यांचं होतं.”

एवढंच बोलून खाली बसले. शमुवेलअण्णांनी पाळकसाहेबांकडे बघितलं. पाळकसाहेब छताकडे बघत होते. शमुवेलअण्णाही बसले.

हात वर करायला सांगितलं तेव्हा हातांचं रान उगवलं. शमुवेलअण्णांचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला, पण गेला. गोदाक्कानेही हात वर केला. पाळकसाहेब म्हणाले, “आक्का, तुमचा धरता येत नाही.” ती म्हणाली, “नका धरू. मी केलाय.” मग दाराशी चपला पायात सरकवताना वळून ओरडली, “उद्या दळण आणते रं. दगड झाडून ठिव!”

माझा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं मला माझ्या लग्नातही वाटलं नव्हतं. लोक मामांना हात जोडत होते, सलाम करत होते, आणि मामा बिचारे घामाघूम होऊन ‘बरं, बरं’ म्हणत वाट काढत होते.

घरी आलो. मला वाटलं होतं, आत्याबाई आनंदाने नाचतील. पण त्यांनी भांडी आदळत स्वयंपाक केला, ताटं वाढली आणि मामांच्या समोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“मलाही सांगितलं नाहीत.”

“कुणालाच सांगू नको म्हणाल्या होत्या,” मामा घास हातात धरून म्हणाले. “कुणालाच म्हणजे तूही आलीस त्यात.”

“त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत. विचारलं तर तोंड फिरवलंत. मग चार दिवसांनी गाव बोलायला लागलं. मी काय समजायचं होतं?”

मामांनी घास ताटात ठेवला. “म्हणजे तुलासुद्धा वाटलं होतं?”

आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “वाटलं होतं. देवाशपथ वाटलं होतं. म्हणून तर…” आणि त्या थांबल्या.

“म्हणून तर काय?”

“म्हणून तर तुम्ही दुपारी जेवायला घरी यायचात आणि मी गिरणीत बसायचे ना, तेव्हा घरून पीठ न्यायचे. पदराखालून. ज्याचा त्याचा डबा भरलेला असायचा, त्यात मूठ-मूठ टाकायचे. ज्वारीत ज्वारी, बाजरीत बाजरी. म्हटलं, ह्यांनी काढलं असेल तर भरून निघेल. देवाच्या दारी हिशेब नको राहायला.”

मी तोंडावर पदर घेतला.

“तरीच!” मामा म्हणाले. “तरीच दौलतची बायको म्हणायची, भाऊ, तुमच्याकडं दळण भरतं. मी आपला म्हणायचो, दगडाचा गुण आहे. आणि आपल्या घरची ज्वारी सुगीपर्यंत पुरायची नाही तेव्हा मी उंदरांना शिव्या द्यायचो!”

ते हसायला लागले, आणि हसता हसता एकाएकी थबकले. त्यांचा चेहरा पिठाविनाच पांढरा पडला. ते अर्धवट उठले.

“रिबका. खरं सांग. उपासाच्या डब्यात तर नाही ना कधी टाकलंस?”

“मी काय वेडी आहे?” आत्याबाई फणकारल्या. “राजगिऱ्यात ज्वारी घालीन? त्यांच्या उपासाच्या डब्यांना मी हातसुद्धा लावला नाही. बाजूला फडक्याखाली झाकून ठेवायचे.”

मामा मटकन खाली बसले. “प्रभू, तुझे उपकार,” ते म्हणाले आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायले. “नाहीतर उद्यापासून गावात दारोदार हिंडायची वेळ आली असती. अख्ख्या चार वर्षांच्या एकादश्या!”

“मग हिंडलो असतो,” आत्याबाई त्यांच्या ताटात दुसरी भाकरी वाढत म्हणाल्या. “दोघं हिंडलो असतो. जेवा आता.”